तिचं दुखणं, तिच्याच शब्दांत

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. "मुलं शाळेत जातात, दुपारी दोन-तीन तास मोकळे मिळतात. काहीतरी समाजकार्य करावंसं वाटतं. पण देणगी द्यायला हातात पैसा नाही, आणि भाषणबिषण आपल्याला जमत नाही. मग करावं तरी काय?"

आज मी असं एक काम सुचवणार आहे, की ज्याला भांडवल लागत नाही. लागते ती फक्त माहेरची भाषा!

आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर एका भाषेचं आणि सासर दुसऱ्या भाषेचं असतं. लग्न होऊन आलं की माहेरची भाषा हळूहळू मागे पडते. आईशी फोनवर बोलण्यापुरती, नाहीतर मुलांना कळू नये असं काही नणंद-भावजयींत बोलण्यापुरती उरते. पण हीच भाषा दवाखान्यात एखाद्या बाईच्या उपयोगी पडू शकते, हे आपल्या मनात येत नाही.

माझंच सांगते. माझं माहेर विजापूरकडचं. घरात मराठी, पण अंगणात, शाळेत, बाजारात कानडी. सासर सोलापूरचं. आठवड्यातून दोन दुपारी, शाळेत तास नसतात तेव्हा, मी इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात दुभाषीण म्हणून बसते. पगार नाही, खुर्ची मात्र आहे. अक्कलकोटकडच्या, दक्षिण सोलापुरातल्या आणि सीमेपलीकडच्या गावांतल्या बायका येतात, त्यांचं कानडी मी डॉक्टरांना मराठीत सांगते आणि डॉक्टरांचं मराठी त्यांना कानडीत. विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीतल्या बायका तेलुगू बोलतात. त्यांच्यासाठी माझी एक मैत्रीण शनिवारी येते.

हे फक्त सोलापूरपुरतं आहे असं समजू नका हं! मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिल्ली आणि पावरी बोलणाऱ्या बायका तालुक्याच्या दवाखान्यात येतातच. शहरांतल्या बांधकामांवर बिहार, ओडिशा, बंगालची कुटुंबं असतात. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला काम सुरू केलं, तेव्हा औषधांच्या बरोबरीनं त्यांना माडिया भाषाही शिकावी लागली. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथे चिनी भाषा शिकून रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. रोग्याची भाषा हाही उपचाराचाच भाग आहे, हे या मंडळींनी ओळखलं होतं. पण प्रत्येक डॉक्टरला प्रत्येक भाषा कशी येणार? तिथे आपण उपयोगी पडतो.

शब्द ओळखीचा, अर्थ परका

अगदी न कळणाऱ्या शब्दापेक्षा कळल्यासारखा वाटणारा शब्द जास्त फसवतो. न कळला तर माणूस पुन्हा विचारतो तरी. कळल्यासारखा वाटला, की पुढे जातो.

आमच्या भागातली कानडी बाई "आराम इल्ला" म्हणते. मराठी कानाला वाटतं, बिचारीला कामातून विश्रांती मिळत नाही. खरं म्हणजे ती सांगत असते, "मला बरं नाही." दुसरी म्हणते, छातीत "संकट" होतंय. मराठी माणसाला वाटेल, घरात काही संकट आलंय, म्हणून बाई घाबरली आहे. कानडीत मात्र जीव कासावीस होणं, यातना होणं याला "संकट" म्हणतात. छातीत कासावीस होतंय म्हणणाऱ्या पन्नाशीच्या बाईला धीर देऊन घरी पाठवायचं, की तिचा कार्डिओग्राम काढायचा, हे त्या एका शब्दावर ठरतं. आणखी एक गंमत पाहा. मराठीत "ताई" म्हणजे थोरली बहीण, कानडीत "तायी" म्हणजे आई. तायीला मधुमेह होता असं पेशंट सांगते आणि कागदावर बहिणीचं नाव लागतं!

काही शब्द तर फार सुंदर आहेत. अंगावरून पांढरं जाण्याला कानडीत "बिळी सेरगु" म्हणतात, म्हणजे शब्दशः पांढरा पदर! हे ज्याला ठाऊक नाही, तो साडीचा पदर शोधत बसेल. "होट्टी उरी" म्हणजे पोटात जळजळ, आणि मत्सरालाही तोच शब्द. आपण नाही का म्हणत, "तिचं चांगलं झालं की हिच्या पोटात दुखतं"? तसंच ते.

ही केवळ गंमत नाही. १९८० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये "इंटॉक्सिकाडो" असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काही बाधा झाली. डॉक्टरांनी इंग्रजी कानानं ऐकलं आणि मुलानं नशेचं काही घेतलं असावं असं धरून उपचार केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झालेला होता. ते कळेपर्यंत वेळ निघून गेली. मुलगा वाचला, पण हातापायांनी कायमचा अधू झाला. तिथे एक नीट दुभाषी असता, तर?

सोबतीला आलेलं माणूस

तुम्ही म्हणाल, पेशंटबरोबर घरचं कुणीतरी असतंच की. ते सांगेल ना समजावून. असतं खरं. पण घरचं माणूस दुभाषी नसतं, ते घरचं माणूस असतं!

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तिशीतली एक बाई सासूबरोबर आली. सासूला मोडकंतोडकं मराठी येत होतं, म्हणून तिनंच बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" सुनेनं खाली मान घालून कानडीत बराच वेळ सांगितलं. सासूबाईंनी ते एका वाक्यात आटोपलं, "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी सुनेला विचारलं, "तंगी, तू बोललीस ते सगळं सांगू का?" तिनं मान हलवली. ती म्हणाली होती, "दोन महिने अंगावरून जातंय, थांबतच नाही. रात्री उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पाण्याची घागर उचलली की धाप लागते." डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, लगेच रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेपाच! त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रक्त चढवावं लागलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, पुढचे उपचार झाले. टॉनिकची बाटली घेऊन ती घरी गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

सासूबाई दुष्ट होत्या का? मुळीच नाही. पुरुष डॉक्टरांसमोर हे असलं बोलायचं तरी कसं, या लाजेनं त्यांनी वाक्य गिळलं. त्यांच्या जागी आपल्यापैकी कितीजणींनी वेगळं केलं असतं? चार महिन्यांनी याच सासूबाई शेजारणीला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "अक्का, हिचं तुम्हीच विचारा. मी बाहेर बसते." मला फार बरं वाटलं.

घरच्यांतही सगळ्यांत मोठी चूक म्हणजे लहान मुलांना मधे घालणं. मुलगी शाळेत मराठी शिकते, म्हणून दहा-अकरा वर्षांच्या पोरीला आईच्या पाळीबद्दल किंवा बापानं केलेल्या मारहाणीबद्दल बोलायला लावायचं? तिला शब्द कळत नाहीत, आणि जे कळतं ते त्या वयात कळायला नको असतं. आणि आई तरी तिच्यादेखत काय सांगणार? अशा वेळी मुलीला बाहेर खेळायला पाठवावं.

दुभाषिणीचे पाच नियम

१. "मी" म्हणून बोला. पेशंट म्हणाली, माझं पोट दुखतं, तर आपणही "माझं पोट दुखतं" असंच सांगायचं. "ती म्हणते की तिचं..." असं लांबण लावलं की बाई आपल्याच दुखण्यात तिऱ्हाईत होते. सुरुवातीला जरा विचित्र वाटतं. एकदा नव्या डॉक्टरांसमोर मी गंभीरपणे "मला तीन महिने पाळी आली नाही" म्हटलं आणि ते माझ्यासाठीच केसपेपर शोधू लागले! पण सवय झाली की डॉक्टर आणि पेशंट एकमेकांशी बोलू लागतात, आपण मधून दिसेनासे होतो. तेच तर हवं.

२. वाढवू नका, गाळू नका. पेशंट एकच गोष्ट तीनदा म्हणाली तर तीनदा सांगा. डॉक्टर चिडले तर तेही सांगा. आणि स्वतःचं वैद्यकीय ज्ञान घरी ठेवून या. "मलाही असंच होतं, मी ओवा खाते" हे स्वयंपाकघरात ठीक, तपासणीच्या खोलीत नाही.

३. खुर्ची कुठे ठेवायची ते पाहा. डॉक्टर आणि पेशंट समोरासमोर, आपण पेशंटच्या बाजूला, किंचित मागे. मधोमध बसलं की दोघंही आपल्याकडेच बघून बोलतात. तपासणी चालू असेल तेव्हा पडद्याबाहेर उभं राहून बोलावं.

४. आधीच सांगून ठेवा. पेशंट बसली की पहिली दोन वाक्यं ठरलेली असावीत. "तू इथे बोलशील ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन. इथलं काही बाहेर कुणाला सांगणार नाही." ही वाक्यं पुढचे किती पेच वाचवतात!

५. उलट विचारून घ्या. "समजलं का?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा डॉक्टरांना सुचवा, की गोळ्या कशा घ्यायच्या ते बाईनंच परत सांगावं. सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढला की वाचता न येणारीलाही कळतं. कारण सांगितलं की औषध टिकतं. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही, तर बाई घाबरून गोळ्या फेकून देते. क्षयाचं औषध साधारण सहा महिने घ्यायचं असतं. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडलं तर रोग उलटतो आणि मग साधी औषधं लागू पडत नाहीत. हे डॉक्टर सांगतातच. आपण ते तिच्या भाषेत जसंच्या तसं पोचवायचं.

पेच पडतो तेव्हा

नियम लिहायला सोपे आहेत. गावात राहून पाळायला अवघड. मोठ्या शहरात दुभाषी आणि पेशंट पुन्हा भेटणार नाहीत. इथे तीच बाई गुरुवारी भाजीबाजारात समोर येते. तिनं ओळख दिली तर हसावं, नाही दिली तर मेथीचा भाव विचारत पुढे जावं. घरीसुद्धा नाव सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. एकदा एक जरी गोष्ट फुटली, तर त्या दवाखान्यात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

कधी डॉक्टर हात धुवायला उठले की बाई हळूच म्हणते, "अक्का, हे पडून झालेलं नाही. पण सांगू नका." मग? मी तिला म्हणते, "मी लपवू शकत नाही आणि तुझ्या मर्जीविरुद्ध बाहेर बोलणारही नाही. पण डॉक्टरांना खरं कळलं तर उपचार नीट होतील. तू सांग, मी शब्द देते." बहुतेक जणी सांगतात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ पासून लागू आहे, पण त्याच्या दारापर्यंत जायला आधी कुणासमोर तरी तोंड उघडावं लागतं ना!

कधी नातेवाईक बजावतात, "मावशीला कॅन्सर म्हणून सांगू नका, ती खचेल." त्यांची माया खरी असते. तरीही आपण परस्पर शब्द बदलायचा नाही. नातेवाईकांचं म्हणणं डॉक्टरांना मराठीत सांगायचं, आणि कसं व केव्हा सांगायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अंगठा उठवतानाही तसंच. कागदावर काय आहे ते तिला कळलंच पाहिजे. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच हवी. २००८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात मुलीला भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, आणि न्यायालयानं ती संमती मानली नाही.

मराठीतून मराठीत

आता तुम्ही म्हणाल, मला तर मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. हरकत नाही! मराठीतून मराठीतही दुभाषी लागते. डॉक्टर म्हणतात, "उद्या उपाशी या." बाई उपवास समजते आणि साबुदाण्याची खिचडी, वर एक केळं खाऊन साखर तपासायला येते. डॉक्टर विचारतात, "मासिक स्राव नियमित आहे का?" बाईला "कावळा शिवणं" किंवा "बाहेरची होणं" ठाऊक असतं. ती नुसती मान हलवते.

शब्द नसले की दुखणं लपून राहतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! त्या बायकांना काय दुखत नव्हतं? दुखत होतं. विचारणारं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

सुरुवात कशी कराल?

प्रथम घरात बोला. कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, हे ठरवून घ्या. दोन तासच द्या, पण ठरलेले द्या. "जमलं तर येईन" अशा मदतीचा दवाखान्याला उपयोग नसतो.

मग जवळच्या धर्मादाय किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना किंवा मुख्य सिस्टरना भेटा. आशाताईंशी ओळख करून घ्या. कोणत्या वस्तीतल्या बायका येतच नाहीत, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. पहिले काही दिवस नुसतं बसून ऐका.

एक दोनशे पानी वही घाला. एका बाजूला शरीराचे अवयव, दुखण्याचे प्रकार (ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या), वेळ, आकडे. समोर तुमच्या दुसऱ्या भाषेतले शब्द. पुस्तकी नकोत, बायका बोलतात ते. माझी अर्धी वही दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी भरून दिली आहे. "अव्वा, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" म्हटलं की त्या खुलतात. मोबाईल हल्ली भाषा बदलून देतो, साध्या वाक्याला तो चालतो. पण लाजून अर्धवट सोडलेलं वाक्य त्याला कळत नाही.

तोंडाला मास्क बांधा, निघताना साबणानं हात धुवा. ऐकलेलं मनात घेऊन घरी येतो, त्याचाही त्रास होतो. सिस्टरशी किंवा डॉक्टरांशी तिथेच बोलून मन मोकळं करावं, म्हणजे घरच्या जेवणावर त्याचं सावट पडत नाही.

ऑस्ट्रेलियात १९७३ पासून दूरध्वनीवरून दुभाषी मिळण्याची सरकारी सोय आहे. अनेक देशांत हे शिकून घ्यायचं पगारी काम आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी आयाबाई, वॉर्डबॉय, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा पेशंट करतो. तेही आपुलकीनंच करतात, पण नियम त्यांना कुणी सांगितलेले नसतात. आपण ते शिकून घेऊ शकतो आणि त्यांनाही सांगू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, माहेरची भाषा आईच्या फोनपुरती ठेवू नका. या आठवड्यात एकदा जवळच्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून या. तिथे कोणत्या भाषा कानावर पडतात आणि डॉक्टरांच्या खोलीत कोणत्या बंद होतात, तेवढं ऐका. मग मला पत्र पाठवा. तुमच्या वहीतले शब्दही कळवा. पुढच्या एखाद्या अंकात ते आपण सगळ्यांसाठी छापू.